पांढऱ्या स्क्रीनवरचा ठिपका

शेणवे गावची पौर्णिमा बारावीनंतर आसनगावजवळच्या एका कंपनीत लागली, ते २००४ साल. तिथे कॉम्प्युटरचे स्क्रीन जुळवत. पौर्णिमाकडे तपासणी होती. स्क्रीन आधी पांढरा करायचा, मग काळा, लाल, हिरवा, निळा, आणि कुठे मेलेला, म्हणजे न उजळणारा ठिपका राहिलाय का ते बघायचं. सुईच्या टोकाएवढा ठिपकाही तिच्या नजरेतून सुटत नसे. सुपरवायझर महेंद्र नव्या मुलींना शिकायला तिच्याच शेजारी बसवी.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तिने लागोपाठ सात स्क्रीन बाद केले. महेंद्रने पुन्हा लावून पाहिले, तर सातही स्वच्छ. पौर्णिमाने हळूच डावा डोळा झाकला. ठिपका गेला. हात काढला, तर परत तिथेच.

हे तिने फक्त पलीकडच्या टेबलावरच्या वंदनाताईला सांगितलं. नवरा गेल्यावर दोन पोरी एकटीने वाढवणारी बाई.

"कोणाला बोलू नको," वंदनाताई म्हणाली. "मी हाय ना."

तेव्हापासून पौर्णिमाचा प्रत्येक स्क्रीन ती स्वतः एकदा बघून घेई. चार महिने निभावलं. पण दोघींचं काम ओढताना तिच्याच टेबलावरून खराब स्क्रीन सुटू लागले, आणि एक दिवस गिऱ्हाइकाकडून माल परत आला.

"बाई, तुमचं लक्ष कुठे असतं?" महेंद्रने सगळ्यांदेखत विचारलं.

वंदनाताईने पौर्णिमाचं नाव घेतलं नाही. खरं काय ते पौर्णिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती मान खाली घालून बसली. संध्याकाळी वंदनाताईला काढून टाकलं.

दोन महिन्यांनी कल्याणच्या डॉक्टरांनी पौर्णिमाला सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर डाग आहे, चष्म्याने जाणार नाही. तिने काम सोडलं आणि वंदनाताईचं घर गाठलं. वंदनाताई लोकांच्या शेतावर भात कापायला जात होती. थोरल्या पोरीची शाळा कायमची सुटली होती.

"ताई, मी तेव्हा बोलायला पायजे होतं."

"पायजे होतं," वंदनाताई म्हणाली. "मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. नोकरीसाठी नाय गो. ताईनं माझ्यासाठी केलं, एवढं तरी म्हणशील, असं वाटलं."

पौर्णिमाला रडू आवरेना. वंदनाताईने तिला पाणी दिलं, डोळ्याची चौकशी केली, नाक्यापर्यंत सोडायलाही आली.

"परत येऊ का, ताई?"

"नको येऊ," वंदनाताई शांतपणे म्हणाली आणि घराकडे वळली.