लाँड्रीवाल्या मावशींचा संशय

लाँड्रीवाल्या मावशी खिसे उलटे केल्याशिवाय कुणाही गिऱ्हाइकाचा कपडा मशीनमध्ये टाकत नसत. खिशातल्या चिठ्ठीवरून, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरून त्या अख्ख्या माणसाची कुंडली मांडत.

नशेच्या गोळ्यांनी गल्लीतली तीन पोरं गेली, तेव्हा नर्सबाईंनी सगळ्यांना कामाला लावलं. बेशुद्ध माणसाचा श्वास परत आणणारे नाकातले फवारे त्यांनी न्हाव्याकडे, औषधवाल्याकडे आणि मावशींकडे ठेवले. मावशींना हा प्रकारच पटेना. "आधी खा, मग फवारा मारून घ्या! सोयच झाली मेल्यांची."

सोमवारी त्यांच्या दुकानातला फवारा गायब! मावशींचा संशय सरळ इस्त्रीवाल्यावर गेला. सात महिन्यांपूर्वी तो नशा सोडून आला होता आणि नर्सबाईंच्या शब्दाखातर मावशींनी त्याला कामावर ठेवून घेतलं होतं. त्याचा शर्ट खुंटीवर होता. मावशींनी खिसा उलटा केला, तर रिकामा फवारा टपकन खाली पडला.

"कुणासाठी चोरलंस औषध?"

त्याने इस्त्री उभी ठेवली.

"आता का मिठाची गुळणी धरलीस?"

"काल तुम्ही बाहेर होतात, मावशी. मागच्या खोलीत ताई निळी पडली होती. फवारा मारला, नर्सबाईंना बोलावलं. ताई म्हणाली, आईला मीच सांगेन."

ताई म्हणजे मावशींची एकुलती एक लेक.

मावशींनी मशीनकडे पाहिलं. आत लेकीची जीन्स गरगरत होती. अख्ख्या गल्लीत तेवढेच खिसे त्यांनी कधी तपासले नव्हते.