घाट न चढलेली जीप

माझ्या नावामागे लागलेली पदवी खरं तर दशरथमामांची आहे. ते आईचे थोरले भाऊ. नारायणगावला हमरस्त्यालगत त्यांचं गॅरेज होतं. चौथीतच शाळा सुटलेल्या या माणसाने मला इंजिनिअर केलं. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात आईचा फोन आला. "मामा गेला रं तुझा..." एवढंच ती बोलू शकली. आणि मला आधी रडू आलं नाही. आधी आठवलं ते एक राहून गेलेलं काम.

पुण्याच्या वसतिगृहात मला सोडायला मामाच आले होते. रेक्टरसाहेबांसमोर सबंध वेळ ते हात पाठीमागे धरून उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "नखातलं ग्रीस काय निघत न्हाई राव. म्हनलं, तुझ्या नावाला डाग नको." पुढे माझा पहिला निकाल त्यांनी गॅरेजात पान्यांच्या फळीवर खिळ्याने ठोकला. स्वतःच्या हातांपेक्षा कागदावर त्यांचा विश्वास जास्त होता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांची एक जुनी जीप होती. आमचं घर घाटघरला. मामा वर यायचे तेव्हा जुन्नरहून गाववाल्यांना घेऊन यायचे. पण इंजिन लहान, त्यामुळे शेवटच्या चढाला निम्मी माणसं उतरून मागून चालत यायची. "दशरथभाऊ, गाडी आमाला नेती का आमी गाडीला?" असं कुणी ना कुणी दर खेपेला विचारायचंच. मामाही हसायचे. मात्र गुडघ्यावर हात टेकत चढणारी आई आरशात दिसली की त्यांचं हसू थांबायचं.

मग त्यांना भंगारात निघालेल्या एका टेम्पोचं मोठं डिझेल इंजिन मिळालं. ते जीपमध्ये बसवायचं त्यांनी ठरवलं. आरटीओची परवानगीही घेतली. मामांचं माप सुतळीने चाले. पंख्यापासून रेडिएटरपर्यंत एक गाठ, इंजिनाच्या तळापासून ॲक्सलपर्यंत दुसरी. "टेप वाचनारा चुकतो," ते म्हणायचे, "गाठ बोटाला लागती." सगळं बसवून झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "गाडी लई जोरात वढती. पन इंजिन जड हाये. उतारावर थांबंल ना रं? तू एकदा येऊन बघ, मग तुझ्या आईला बसवतो." मी कामात होतो. इंजिनाचं वजन तेवढं विचारलं आणि सांगतो म्हणालो. "फोनवर नको," मामा म्हणाले, "लिवून पाठव. लिवलेलं ऱ्हातं."

मी हिशेब केला आणि लिहून पाठवलं. त्यानंतरच्या पावणेदोन वर्षांत दोनदा गावी गेलो, दोन्ही वेळा घाईत. गॅरेजच्या दारातच उभ्याने चहा घेतला. मामांनी जीपचा विषय काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला असेल...

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जीप उभी होती. मी पहिल्यांदाच तिच्याखाली वाकलो. वजन पेलायला पुढचे स्प्रिंगचे पाटे जाड घातलेले होते. ब्रेकही जुने नव्हते. ज्या टेम्पोचं इंजिन, त्याचेच मोठे ब्रेक मामांनी चारही चाकांना बसवले होते. मी हिशेब केला होता तो जुन्या ब्रेकवर. ब्रेक बदललेत का, एवढं मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मामांबरोबर वीस वर्षं काम केलेले गणपतभाऊ शेजारी उभे होते. "मी म्हनलं व्हतं त्यांना," ते म्हणाले, "आपुन ब्रेक टाकलेत, भाच्याला कळवा की. तर म्हनले, गन्या, त्यो इंजिनेर हाये का तू? त्यानं सगळा इचार करूनच लिवलं आसंल. दर रविवारी गाडी पुसायचे, इंजिन चालू करून बसायचे. जाग्यावरच. म्हनायचे, येनार हाये त्यो."

आईला विचारलं तर म्हणाली, "न्हाई बसले मी कधी. आता त्यो नसताना कशाला बसू?" ती अजून तो चढ चालतच चढते.

जीपच्या कप्प्यात गाडीच्या कागदांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत, ती गाठींची सुतळी होती. सुतळीने बांधलेलं माझं पत्र होतं. घडीवर बोटांचे काळे ठसे. ते इथे जसंच्या तसं देतो.

"ती. दशरथमामांस,
सप्रेम जय भीम.
तुम्ही सांगितलेल्या वजनावरून हिशेब केला. या इंजिनाला गाडीचे ब्रेक पुरणार नाहीत. भरल्या गाडीने घाट उतरणं धोक्याचं आहे. आईला तर मुळीच बसवू नका. सध्या कामातून सवड नाही, पण लवकरच येतो आणि स्वतः बघतो. तोवर गाडी काढू नका."