पूर्वपरीक्षेचं गाऱ्हाणं

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते, ते कुणाकडे काहीही साधेपणाने मागत नसत. खडू संपला तरी दोन्ही हात जोडून, डोळे अर्धे मिटून, खर्जातल्या आवाजात सुरुवात व्हायची. "बा शाळेच्या म्हाराजा! हो तुझो सेवक आज फळ्यासमोर रित्या हातान उभो आसा. हापिसातसून दोन खडू येवंदेत, आणि ते लिवतले येवंदेत, मोडतले नको रे म्हाराजा!" यावर आम्ही सगळ्या वर्गाने एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, आणि त्या आरोळीवर शिपाई खडू घेऊन यायचा. देवळात गाऱ्हाणं घालतात त्यातलाच हा प्रकार. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. सरांचे वडील फोंडाघाटला आपल्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालत. "बापूस देवळात घालायचो, मी वर्गात घालतंय. थंय देव आयकता, हंय तुमी तरी आयका," असं सर म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आमच्यासाठी ते म्हाराजा सर.

सर मालवणीत बोलत असले की समजायचं, जगाचं बरं चाललं आहे. "मेल्या, टकलेत काय नारळाचा पाणी आसा?" असं ते म्हणाले तरी ते अंगाला लागत नसे. पण सर शुद्ध मराठीत शिरले की वर्ग चिडीचूप. आणि "आपण" म्हणाले की संपलंच. "आपण उभे राहावे. आपण गृहपाठ आणला आहे का? आपल्याला काही वाटते का?" अख्ख्या वर्गात हा बहुमान सगळ्यांत जास्त वेळा मला मिळाला. इतक्या आदराने पुढे मला कुणीच हाक मारलेली नाही, सासुरवाडीला गेल्यावरसुद्धा नाही.

आमच्याकडे मानाशिवाय पान हलत नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, सगळं घराण्यांना वाटून दिलेलं. शाळेच्या दहावीच्या निकालातही असाच एक मान होता. दरवर्षी सगळे पास व्हायचे आणि एकच जण राहायचा. गावातले लोक दिवाळी झाली की चहाच्या टपरीवर विचारायला लागायचे, "यंदा मान कोणाचो?" कधी तो वरच्या वाडीला जायचा, कधी खालच्या. आमच्या घराण्याला देवळात कसलाच मान नाही, समई पुसण्याचासुद्धा नाही. ती उणीव मी भरून काढणार याबद्दल गावात दुमत नव्हतं. बाबा कलमांवर फवारणी करून आले की माझ्याकडे बघून म्हणत, "मोहोर बरो आसा यंदा. झाडांचा म्हणतंय मी."

आणि नेमकं ते सरांचं शेवटचं वर्ष होतं. मे अखेर ते निवृत्त होणार होते. पूर्वपरीक्षेच्या तयारीला सुरुवात झाली त्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. टेबलाला टेकून नुसतेच बोलले. "दरवर्षी होडी भरून पलीकडे नेतंय आणि एकाक अलीकडे ठेवन येतंय. त्येचा तोंड माका मगे वर्सभर दिसता. एकदा तरी सगळी होडी पलीकडे गेलेली बघूची आसा." बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते, वर्ग मात्र मागे वळून माझ्याकडे बघत होता.

मी मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे वेळापत्रक केलं. ड्रॉइंग पेपरवर, स्केचपेनांनी, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. गणित लाल, इंग्रजी निळं, विज्ञान हिरवं, इतिहास तपकिरी, आणि जेवण, गळ टाकून मासे गरवणं व विश्रांती यांना मिळून पिवळा. पूर्ण झाल्यावर बघतो तर कागद दुरून हळदीच्या पिकासारखा दिसत होता. ते वेळापत्रक इतकं सुंदर झालं होतं की मी रोज अभ्यासाच्या वेळी त्याच्यासमोर बसून ते बघत असे.

विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, इंग्रजीची जागा रिकामी होती आणि मराठीच्या सरांची बदली झाली होती. त्यामुळे पूर्वपरीक्षेचे बहुतेक सगळे पेपर म्हाराजा सरच काढत आणि तेच तपासत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दशावतारी नाटकाक तालीम नसता, म्हणान थंय कधी कधी राजाचो मुकुट सुटान पडता. तुमका तालीम गावलीहा. मुकुट हंयच पाडून घेवा." मी त्यांचा शब्द तंतोतंत पाळला. गणित, इंग्रजी आणि विज्ञान, तिन्ही मुकुट पाडले.

मराठीच्या पेपरात तर मी इतिहासच केला. प्रश्न साधा होता: शाळेच्या आवारात लावण्यासाठी रोपांची मागणी करणारे पत्र रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांना लिहा. आता मागणी करायची म्हटल्यावर आम्हाला सरांच्या हाताखाली एकच पद्धत ठाऊक. मी लिहिलं, "बा रोपवाटिकेच्या म्हाराजा! तुझ्या पायाकडे ही शाळा आज पदर पसरून उभी आहे. दहा काजू आणि पाच कोकम अशी रोपे येऊ देत, आणि ती जगतील अशी येऊ देत रे म्हाराजा!" आणि खाली, वर्गाच्या वतीने, "होय महाराजा." ते तेवढं प्रमाण भाषेत लिहिलं, कारण पेपर मराठीचा होता.

पेपर वाटायच्या दिवशी सरांनी ते पत्र मोठ्याने वाचलं. वर्ग बाकांवर लोळत होता. मी "आपण" ऐकण्याच्या तयारीने आधीच उभा राहिलो होतो. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि मालवणीत म्हणाले, "पत्राक शून्य. पण गाऱ्हाणा बरा जमलाहा रे. आवाजाचो चढ-उतारसुद्धा लिवण्यात इलोहा." मग पेपर माझ्या हातात देत म्हणाले, "म्हणजे तुझ्या टकलेत कायतरी रवता. माका वाटलेला, वरसून ओतला की खालसून जाता."

त्याच आठवड्यात त्यांनी पालकांना बोलावलं. बाबा फवारणीला, म्हणून आई आली. सर अतिशय गंभीरपणे म्हणाले, "वयनीनू, बाकीचा सगळा निस्तरता येतला. ह्येची खरी अडचण करणीची आसा."

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. "माका वाटलाच होता सरानू! पोर रोज कागदासमोर बसता आणि आत काय जाणा नाय, ह्या आपसूक होणा नाय. कोणी केली?"

"पाठ्यपुस्तकवाल्यांनी," सर म्हणाले. "नववीत केली, ती दहावीत पण उतराक नाय."

गणितात करणी म्हणजे वर्गमूळ वगैरे, त्या चिन्हाच्या छपराखाली बसलेली संख्या, हे सरांनी नंतर आईला वहीवर काढून समजावलं. आईने मान डोलावली. पण करणी ती करणी, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळी तिने मीठ-मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि मग, कसर नको म्हणून, गणिताच्या पुस्तकावरूनही ओवाळल्या. चुलीत टाकल्यावर मिरच्यांचा ठसकाच येईना. "बघलंस? जबरी आसा," आई म्हणाली. तेवढं मात्र तिचं खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी उतारा सुरू केला. शाळा सुटल्यावर आम्हाला व्हरांड्यात बसवायचं आणि प्रत्येक विषयाचं गाऱ्हाणं करायचं. घालायचं मी, हुंकार सगळ्यांचा. "बा वर्गसमीकरणा म्हाराजा! उणे बी पुढ्यात उभो आसा. त्येच्या वांगडा अधिक-उणे जोडीन इलेहत. करणीच्या छपराखाली बी चो वर्ग, तेच्यातसून चार ए सी वजा होवंदेत. आणि खालचो दोन ए चो पाट सगळ्यांखाली लागांदे, एकट्या करणीखाली नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" तो शेवटचा भाग खास माझ्यासाठी होता, कारण मी जन्मभर तो पाट करणीलाच एकटीला दिला होता. इंग्रजीचंही होतं. "ही, शी आणि इट ह्या तिघांचो मान मोठो. तेंच्या क्रियापदाक एस चो तुरो लागांदे रे म्हाराजा!" मी आज कुडाळला ज्या दुकानात काम करतो, तिथे कंपनीला इंग्रजीत मेल पाठवताना माझे ओठ हलतात. मालकाला वाटतं, मी फार धार्मिक आहे.

मग शाळेने दुसरी पूर्वपरीक्षा घेतली. गणिताच्या पेपराला सर स्वतः वर्गावर होते. वर्गसमीकरण समोर आलं आणि माझी पाटी कोरी. काही म्हणजे काही आठवेना. मी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागलो. उणे बी आला, जोडी आली, छप्पर आलं. इतकं भराभर आठवायला लागलं की आपण कुठे बसलो आहोत हेच विसरलो आणि शेवटचं "नको रे म्हाराजा!" चांगलं खणखणीत बाहेर पडलं. बाकीच्यांनी पेपरातून डोकं वर न काढता, सवयीने, "व्हय म्हाराजा!" म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज खुर्चीतून, म्हणजे सरांचा होता.

मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. "काय चाललंय इथे?"

"पूर्वपरीक्षा," सर शुद्ध मराठीत म्हणाले. बाई गेल्यावर माझ्याजवळ वाकून कुजबुजले, "बोर्डात मनात हां. देवाक मनातला आयकाक येता. सुपरवायझराक येव नये." त्या पेपरात मी पास झालो. सरांनी मात्र कौतुक केलं नाही. "ही तालीम," एवढंच म्हणाले.

बोर्डाचं केंद्र दुसऱ्या गावात होतं, ओळखीचं कुणी नाही. गणिताच्या पेपरात मी तोंड घट्ट मिटून गाऱ्हाणं घातलं. हुंकार माझा मलाच मनात भरावा लागला, आणि तो एकट्याचा हुंकार फारच केविलवाणा वाटला. बाहेर येऊन फाटकाशी थांबलेल्या सरांना सांगितलं, "सरानू, उत्तर इला, पण बरोबर काय चूक ता म्हायत नाय." सर म्हणाले, "माझा पण जन्मभर तसाच झालाहा."

निकालाच्या दिवशी आम्ही सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर गेलो, कारण गावात मोबाईलला रेंज नाही. निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. सरांना वर्गातल्या सगळ्यांच्या आयांची नावं पाठ होती. कातळावर उन्हात उभं राहून ते एकेकाचा निकाल वाचत होते आणि पास झालेला धावत घरी सुटत होता. माझा त्यांनी शेवटी ठेवला. तोवर सड्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. त्यांनी माझ्या आईचं नाव टाकलं, बोट चुकलं, पुन्हा टाकलं. फोन डोळ्यांजवळ नेला. लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं, झालं, मान घरी आला.

मग सर शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण उत्तीर्ण झाला आहात."

गणितात काठावर, इंग्रजीत काठाच्या किंचित आत. पण होडी सगळी पलीकडे गेली होती. सर चष्मा पुसत राहिले आणि मी, निकालाचा हिरो, त्यांना पाणी हवं का एवढंही न विचारता रडत बसलो. मला सर किती आवडतात हे मला त्या कातळावर कळलं, आणि त्यांच्या हातात मला द्यायला आता एकही तास उरला नव्हता. चहाच्या टपरीवर संध्याकाळी बातमी होती की यंदा मान रिकामा गेला. बाबा दोनदा चहा प्यायला गेले.

मे अखेरीस सरांचा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, मुख्याध्यापिका बाईंचं भाषण. सरांनी बोलायला नकार दिला. म्हणाले, "भाषण नको. कोणीतरी गाऱ्हाणा घाला." पहिली आलेली मुलगी समोर बसली होती, पण सगळ्यांनी बघितलं माझ्याकडे. ज्या एकाच विषयात मी हुशार, तो नेमका गुणपत्रिकेत नव्हता.

मी हात जोडून उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा! आज हे आमचे सर शाळेतसून घराक चलले. फोंडाघाटाक तेंच्या गुडघ्यांका बळ येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळची घंटा तेंच्या कानार पडा नये, खडूची धूळ तेंच्या नाकात जाव नये, तेंका सुखाची झोप लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा कमी झाला होता.

"आणि आमची आठवण येवन तेंच्या जिवाक तरास होव नये रे म्हाराजा!"

मी वळून बघितलं तर मुली ओढणीने डोळे पुसत होत्या आणि मुलं पायांकडे बघत होती. गाऱ्हाणं तसंच हुंकाराशिवाय लटकून राहिलं. तेवढ्यात खुर्चीतून सर उठले. शाल खांद्यावरून खाली गेली, ती त्यांनी उचललीही नाही. हात जोडून, डोळे अर्धे मिटून म्हणाले, "नाय म्हाराजा! तितको तरास माका होवंदे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कुणी नाही म्हटलेलं आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. पण शेवटी तेही गाऱ्हाणंच होतं, आणि ते सरांनी घातलं होतं. फुटलेल्या आवाजात, जमेल तसं, आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा."