चुरमुऱ्यांच्या डब्यातलं लेकरू

आमच्या भागात दहावीला बरे मार्क पडले की मुलाला लातूरला क्लासला पाठवतात. बक्षीस म्हणून पाठवतात असं आईवडील सांगतात. मुलाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. आणि मुलाबरोबर आईही जाते. बाप गावी नोकरी सांभाळतो, आई लातूरला खोली करून राहते, दोन घरं, दोन गॅस, दोन दूधवाले. एरवी नवरा-बायको अशी वेगळी राहिली असती तर गल्लीत कुजबुज झाली असती, पण इथं उलट मान मिळतो. "आमची सून लातूरला असते, लेकीबरोबर," असं सांगताना सासूबाईंच्या आवाजात जे कौतुक असे, ते मला नोकरी लागली तेव्हाही मी ऐकलं नव्हतं.

मी नांदेडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला 'स्वावलंबन' शिकवायचं काम माझ्याकडं होतं. ते शिकवणं थांबवून, बिनपगारी रजा टाकून, मी लेकीला गरम पोळी मिळावी म्हणून लातूरला आले. रजा जूनपर्यंत होती. जूनमध्ये परत हजर व्हायचं की आणखी एक वर्ष वाढवून मागायची, हे तेवढं ठरवायचं होतं. म्हणजे ठरल्यातच जमा होतं. बारावीच्या वर्षात लेकीला एकटी टाकून जाणारी बाई कशी असेल, असा विचार माझ्या मनात यायचा, आणि त्या बाईबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नव्हतं.

क्लासच्या पालकसभेत सरांनी माइकवरून बजावलं होतं की घरात टीव्ही नको, स्मार्टफोन नको, पाहुणे नकोत, आणि पालकांनी आधी स्वतःपासून सुरुवात करावी. आम्ही आया वहीपेन घेऊन बसलो होतो. मी त्याच संध्याकाळी माझा फोन नांदेडला यांच्याकडं पाठवून दिला आणि बटणांचा साधा फोन घेतला. लेकीची अभ्यासावरची निष्ठा मला माहीत होती, तिला फोनचं वेड कधीच नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. माझ्या धाकट्या दिरानं दहावीच्या निकालावर तिला दिलेला हातात धरून खेळायचा तो व्हिडिओ गेमसुद्धा मी काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि चुरमुऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवला. नांदेडला ठेवला असता तरी चाललं असतं. पण माझ्या नजरेआड काही ठेवायची मला सवय नाही.

आमची खोली गच्चीवर होती. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळी गल्ली आपा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे मियाँ गंजगोलाईच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात असत आणि आपा घरी साड्यांना पिको-फॉल करत. गच्चीवरच्या दुसऱ्या खोलीत चाकूरच्या एक काकू होत्या, शेतकरी घरातल्या. त्यांचा मुलगा लेकीच्याच क्लासला. सकाळी आमची वरात निघे. पुढं मुलं, मागं आम्ही. लेकीची सॅक मी क्लासच्या फाटकापर्यंत स्वतःच्या खांद्यावर न्यायचे. तिला उगाच पाठीचा त्रास नको. फाटकाशी अशा सॅका उतरवून देणाऱ्या आयांची गर्दी असायची, आणि मुलं मान खाली घालून आत जायची. एकदा लेक म्हणाली होती की, आई, सगळ्यांच्या आया इथं येऊन राहत नाहीत. मी म्हटलं, त्यांच्या नशिबात नसेल.

खरा प्रश्न दुपारचा होता. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी वेळ बरा जायचा, नाहीतर कूलरसमोर बसून घाम वाळायची वाट बघायची. टीव्ही नाही, फोन नाही, आणि लेकीची पुस्तकं वाचायला गेले तर बेडकाची चित्रं. अशाच एका दुपारी मी चुरमुऱ्यांचा डबा उघडला. यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. वस्तू जप्त केली म्हणजे ती तपासायला नको का?

खेळ मोठा गोड होता. पडद्यावर एक गुबगुबीत, गोल, लोण्याच्या गोळ्यासारखं जनावर आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं एक इवलंसं पिल्लू. मोठ्यानं उड्या मारायच्या, ठोकळे ढकलायचे, खड्डे ओलांडायचे आणि पिल्लाला दारापर्यंत पोचवायचं. सुरुवातीला इंग्रजीत काहीतरी गोष्ट यायची. ती मी बटण दाबून पुढं ढकलली. गोष्ट न सांगताही कळत होती.

पहिल्या खड्ड्यात पिल्लू पडलं तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून चाकूरच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं दूध उतू गेलं. मी पडदा दाखवला. त्यांनी नीट पाहिलं, पदर खोचला आणि पलंगावर बसल्या. "मायनं लेकराला घट धरावं की ओ," असं म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मोठी ती माय आणि धाकटं ते लेकरू झालं. दोन दिवसांनी हसण्याचा आवाज ऐकून आपा वर आल्या, त्या शिवायला घेतलेली साडी हातातच घेऊन. मग तर आमचं मंडळच झालं. मी बटणं दाबायची, काकू वाट सांगायच्या आणि आपा मायेच्या बाजूनं अल्लाकडं मागणं मागायच्या.

आम्ही भराभर पुढं गेलो. लातूरला राहून कुणी मागं राहत नाही. आणि मग ती लेव्हल आली.

तिथं जमिनीत एक फरशी होती. माय फरशीवर उभी राहिली की समोरचं दार वर सरकायचं. फरशीवरून उतरली की दार धाडकन खाली. दारापर्यंत पळत जावं तर दार आधीच बंद. दाराशेजारी भिंतीला एक बीळ होतं, पण मायचं अंग त्यात मावणं शक्यच नव्हतं. आम्ही अडलो.

अडल्यावर काय करायचं हे आम्हाला पालकसभेत शिकवलेलंच होतं. सराव. रोज दुपारी आम्ही त्या दारावर सराव करू लागलो. फरशी, उडी, धाव, दार बंद. "स्पीड कमी पडून राहिलाय, मॅडम," काकू म्हणायच्या. त्यांच्या मुलाबद्दल सर हेच म्हणत, आणि काकू ते ऐकून यायच्या. माझा अंगठा सुजला. आपांनी त्यावर हळदीचा लेप लावून दिला.

लेकराला खाली ठेवायचं बटण आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. ते दाबलं की माय लेकराला अलगद जमिनीवर ठेवायची. पण ठेवलं रे ठेवलं की बारीक, कळवळून, कुंई कुंई असं रडं सुरू व्हायचं. आणि त्यात भर म्हणजे माय जागची हलेनाशी व्हायची. उडीचं बटण कितीही दाबा, दगडासारखी उभी. यंत्र अडकलं असं मला वाटे. आपा छातीवर हात ठेवायच्या आणि त्यांचं मराठी सुटायचं.

"उठा लो बाई, उठा लो. बच्चा रोरा ना."

मी लगेच उचलून घ्यायचे. रडं थांबायचं. आम्ही तिघी सुस्कारा टाकायचो आणि पुन्हा सरावाला लागायचो. ज्यानं हा खेळ केला त्याला मूलबाळ नसणार, यावर आमचं एकमत होतं.

एका दुपारी क्लासचा जनरेटर बिघडला आणि सरांनी मुलांना लवकर सोडलं. आम्हाला त्याची गंधवार्ता नाही. लेक जिना चढून आली तेव्हा आम्ही तिघी पलंगावर डोक्याला डोकी लावून बसलेल्या, डबा उघडा, आणि चादरभर चुरमुरे. लपवायला वेळच मिळाला नाही. आपांनी साडीचं टोक उचलून बघायला घेतलं, काकू चुरमुरे वेचू लागल्या. मी मात्र तशीच बसले, कारण मुख्याध्यापक अचानक वर्गात आले तर खुर्चीवरून उठायचं नसतं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

लेक रागावली नाही. तिनं सॅक उतरवली, माझ्या हातातला खेळ घेतला, बटणाच्या फटीतून चुरमुऱ्याचा एक कण नखानं काढला आणि विचारलं, कुठं अडलात. कच्च्या मुलांना मी ज्या आवाजात विचारते, अगदी त्या आवाजात. मग कळलं की हा सगळा खेळ तिनं लातूरला येण्याआधीच संपवला होता. ज्या वस्तूवर मी वर्षभर पहारा दिला, तिची लेकीला काडीची गरज उरली नव्हती.

तिनं मायेला फरशीवर उभं केलं. दार उघडलं. आणि लेकराला खाली ठेवलं. कुंई कुंई सुरू झालं.

"उचल माय, उचल," काकू लेकीला म्हणाल्या. "लेकरू रडून राहिलंय."

"काकू, लेकरू नाही रडत," लेक म्हणाली. "मोठं रडतं."

तिनं पडदा माझ्या चष्म्यासमोर धरला. मी पाहिलं. लेकरू तर केव्हाच बिळाच्या तोंडाशी पोचलं होतं, इवली शेपटी हलवत. फरशीवर मोठंच उभं होतं, डोळे भरलेले, हनुवटी थरथरतेय, आणि तो आवाज तिथून येत होता. बटणं बिघडली नव्हती. लेकराला खाली ठेवलं की बटणं लेकराची होतात, एवढंच. आम्ही त्याला कधी पाऊलभर चालूच दिलं नव्हतं, तर कळणार कसं?

लेकरू बिळातून पलीकडं गेलं, एक साखळी ओढली आणि दार वरच्या वर अडकलं. मग मोठं फरशी सोडून इतक्या आनंदानं धावलं की उंबऱ्याला अडखळून पडलं. लेकीला हसू आलं. आम्हाला तिघींना नाही.

"आणि ती आई नाहीये," ती खेळ माझ्या हातात देत म्हणाली. "सुरुवातीला गोष्ट येते ना, त्यात सांगितलंय. ते त्या लेकरानं पाळलेलं जनावर आहे."

मला राग आला. खेळाचा आला, लेकीचा आला, इंग्रजीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या लोण्याच्या गोळ्याचा आला, की बाई, रडायचं तर तोंड मोठं उघडून रडायचं, लोकांना निदान समजलं तरी असतं.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि ती माझ्याकडं पाठ करून बसली होती. तशीच म्हणाली, आई, तू जूनमध्ये शाळेत जा. मग जे बोलणं झालं त्यात मीच जास्त बोलले. जेवणाचं काय, आजारी पडलीस तर काय, रात्री कोण. तिच्याकडं सगळ्याची उत्तरं होती. डबा काकू देणार होत्या, एका लेकराचा होतो तिथं दोघांचा होईल म्हणाल्या होत्या. दुखलं-खुपलं तर आपा खाली होत्याच. म्हणजे माझ्या पलंगावर बसून, माझे चुरमुरे खात, आमच्या मंडळात फितुरी चालली होती. शेवटी मी सरळ विचारलं की मी तुला नकोशी झालेय का.

"नकोशी नाहीस गं," ती म्हणाली. "पण तू रजा टाकून इथं बसलीस की मला वाटतं मी नापास झाले तर तूपण होशील. मला दोघींचा पेपर नाही लिहिता येत."

पोळी तव्यावर करपली. मी ती तशीच वाढली आणि तिनं तशीच खाल्ली.

मी किती दिवस फुगून बसले ते सांगत नाही. पण रजा वाढवायला मी काही केलं नाही, आणि जून आला. मुख्याध्यापकांना कळवलं तर त्यांना आनंद झाला, स्वावलंबनाचा तास कुणी घेईना म्हणाले. सासूबाईंना कळवलं तर त्यांनी फोन सरळ यांच्या हातात दिला. खेळ मी आपांकडं ठेवला. आपा आणि काकूंची पुढची लेव्हल बाकी होती आणि त्यांना आता कशावरच भरवसा उरला नव्हता, गोष्ट वाचून दाखवायला त्यांनी काकूंच्या मुलाला बसवलं होतं.

लेक स्टँडवर पोचवायला आली. माझी बॅग तिनं उचलली होती, मला हात लावू दिला नाही. नांदेडची गाडी लागली, खिडकीची जागा मिळाली. तिनं खालून हात हलवला, नीट जा म्हणाली, आणि वळून चालायला लागली. सॅक तिच्याच खांद्यावर होती. ती मागं वळून बघेल म्हणून मी खिडकीतून मान बाहेर काढून बसले, पण तिला दोनचा क्लास होता.

शेजारी एक बाई होत्या, अहमदपूरच्या. त्यांनी लेकीला पाठमोरी जाताना पाहिलं होतं. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहून हळूच विचारलं, "लई रडलं का ओ लेकरू?"

"न्हाई," मी पदरानं चष्मा पुसत म्हटलं. "मोठं रडून राहिलंय."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली.