आर्लन ट्वेटनची तब्येत, त्याच्याच तोंडून

आर्लन ट्वेटनला कुणी कसा आहेस असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "बरंय म्हणायचं." मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात याहून जास्त रडगाणं गाणं म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखं. रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवताना ती कलंडून बरगडी मोडली, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. जानेवारीत खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनाही हेच सांगून, लाल झालेला रुमाल खिशात कोंबून तो घरी आला. असल्या सोशिकपणाचं कौतुक करणाऱ्यांना एकदा त्याच्या खाटेशी उभं करायला हवं.

कारण आता तो शहरातल्या मोठ्या रुग्णालयात खिळून पडला होता. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली फौज उलटून त्याच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडली होती आणि फुप्फुसं रक्ताने भरली होती. औषधं चालू होती, पण त्यांना वेळ हवा होता. तोवर श्वासाचं काम शेजारचं यंत्र करत होतं. मांडीतल्या नळीने काळपट रक्त ओढायचं, त्यात प्राणवायू भरायचा आणि मानेतल्या नळीने लालभडक करून परत सोडायचं. आर्लन शुद्धीवर होता, कुजबुजत बोलायचाही. पण मान वळवता येत नव्हती, कुशीवर व्हायचं तर चार माणसं लागायची. दिसायचं ते फक्त छत. त्याला वेड लागायची पाळी आली होती.

त्या सकाळी डॉक्टर सलाझार म्हणाल्या, "यंत्राचा प्राणवायू बंद करून बघू. रक्त फिरत राहील, पण श्वास तुमचा तुम्ही घ्यायचा. दुपारपर्यंत निभावलं तर नळ्या काढू. मात्र काढल्यावर पुन्हा घालणं सोपं नाही, तेव्हा खरं काय ते सांगा."

परिचारिकेने प्राणवायू बंद केला. जरा वेळाने डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरंय म्हणायचं."

पडद्यावरचे आकडे काठावर होते, पण टिकून होते. डॉक्टरांचा चेहरा खुलला. पायथ्याशी विणत बसलेली त्याची बायको मार्लिस मात्र त्याच्या खांद्यांकडे बघत होती. प्रत्येक श्वासाला ते वर उचलले जात होते.

"त्याचं उत्तर धरू नका," ती म्हणाली. "घराला आग लागली तरी हा शेजाऱ्यांना हेच सांगेल."

"गप्प बस, मार्लिस. मला इथून सुटायचंय."

"मलाही तुला न्यायचंय रे बाबा. पण चालत. शवपेटीत घालून नाही."

आर्लन छताकडे बघत राहिला. छातीवर ओल्या वाळूचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत तोंड मिटून राहिलं की सुटका. आणि तोंड मिटून राहण्यात त्याचा हात कोण धरणार? पण पुढचा श्वास अर्ध्यावरच अडला. त्याच्या पुढचाही. तो घाबरला, अगदी लहान मुलासारखा घाबरला.

"डॉक्टर, नाही जमत. जीव घुसमटतोय. चालू करा."

परिचारिकेने लगेच प्राणवायू सुरू केला. "आणखी आठवडाभर तरी असंच राहावं लागेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

आर्लनच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. मार्लिसने उठून ते पुसलं.

"दुखतंय?"

"हो," तो म्हणाला. "सगळीकडे."

मग कुठे कुठे दुखतंय ते तो सांगत राहिला, आणि ती खुर्ची जवळ ओढून ऐकत बसली.