एटापल्लीच्या वाटेवर एक इंग्रजी क्रियापद

एटापल्लीकडे फिरायला जायचं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, थंडीत जा. मी पहिल्यांदा गेले ते पन्नासच्या दशकात. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. महारोगाच्या तपासणीसाठी केरळकडच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, डॉ. अन्नम्मा. त्यांना मराठी येत नव्हतं आणि दौऱ्यावर इंग्रजी समजणारी एखादी मुलगी हवी होती. आई नाहीच म्हणत होती. वडील मास्तर होते, ते म्हणाले, "जाऊ दे. इंग्रजी बोलायला मिळेल."

माझं इंग्रजी म्हणजे घोकंपट्टी. शाळेत एकेका क्रियापदाची वाक्यं करून आणायला लागायची. 'एक्झामिन'ची मला तोंडपाठ होती: द डॉक्टर एक्झामिन्ड द पेशंट. द सोनार एक्झामिन्ड द रिंग. सोनाराला इंग्रजीत काय म्हणतात ते तेव्हा आठवलं नव्हतं, म्हणून इंग्रजीच्या मास्तरांचा ओरडा खाल्ला होता.

मूल गावापर्यंत मोटार चांगली गेली. पुढे वैनगंगा नावेतून ओलांडली, गडचिरोलीला भात-वरण खाल्लं आणि आष्टीवरून आलापल्लीला मुक्काम केला. तिथून एटापल्लीची वाट सागाच्या जंगलातून. नदीपलीकडे मिळालेली जीप इतकी हळू चालायची की पानांवर पडलेलं दव दिसायचं. जाणार असाल तर सकाळी निघा आणि अंगावर जाड पांघरूण असू द्या.

एटापल्लीहून सोमीबाई नावाच्या गोंड बाई आमच्यासोबत आल्या. बाजाराला येऊन-जाऊन त्या मराठी शिकल्या होत्या. डॉक्टर इंग्रजीत बोलणार, मी मराठीत सांगणार, सोमीबाई गोंडीत.

पहिल्याच गावात बायामाणसं जमली. डॉक्टर म्हणाल्या, "टेल देम आय वॉन्ट टु एक्झामिन देम." मी थाटात सांगितलं, "मॅडम तुमची तपासणी करणार आहेत."

सोमीबाईंनी गोंडीत सांगितलं, पण 'तपासणी' हा शब्द तसाच ठेवला. जमलेल्यांतलं एकेक उठून मागच्या मागे निघून गेलं. अंगण रिकामं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, तपासणी काऊन म्हणता?" सोमीबाई वैतागल्या. "तपासणी करायले जंगलवाले येतात. घरात घुसतात, लाकूड शोधतात. त्याईले वाटलं, तुमी बी तेच."

हे डॉक्टरांना कसं सांगावं? शाळेच्या वाक्यांत जंगलवाले नव्हते. शेवटी म्हटलं, "मॅडम, दे थिंक यू विल सर्च देअर हाउसेस." डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बाही वर केली, डोळे मिटले आणि स्पर्श तपासायचं कोंबडीचं पीस माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "टच मी." मी हातावर पीस फिरवलं. जिथे लागेल तिथे त्या बोट ठेवायच्या. झोपड्यांच्या दारांतून बाया बघत होत्या. मग एक म्हातारी आली आणि तिने माझ्या हातातून पीस घेऊन डॉक्टरांच्या गालावर फिरवलं. डॉक्टरांनी गालावर बोट ठेवलं. बाया हसल्या, आणि परत येऊन बसल्या.

पुढचं काम एका झोपडीच्या आत झालं, फक्त बायांचं. चैती नावाची माझ्याच वयाची बाई आली, तान्हं लेकरू घेऊन. तिच्या पाठीवर फिकट चट्टा होता. पीस कुठेही लागलं की ती झटकन तिथे बोट ठेवायची. चट्ट्यावर मात्र तिचं बोट दर वेळी भलतीकडेच पडत होतं. तिथे तिला स्पर्शच कळत नव्हता, महारोगाची तीच खूण. कधी तर पीस लागायच्या आधीच ती बोट ठेवायची.

"व्हाय इज शी गेसिंग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, शी थिंक्स इट इज ॲन एक्झामिनेशन."

"बट आय ॲम एक्झामिनिंग हर."

"नो मॅडम. स्कूल एक्झामिनेशन. शी वॉन्ट्स टु पास."

डॉक्टर थांबल्या. त्यांनी पीस खाली ठेवलं. मी सोमीबाईंना म्हटलं, "तिला सांगा, इथे कुणी नापास होत नाही." ते ऐकून चैती रडायला लागली. तिचं बोलणं सोमीबाईंनी मला सांगितलं, "तिची सासू गावाबाहेर झोपडीत मेली. ती विचारून राह्यली, मले बी बाहेर काढान का? लेकरू कोणापाशी राहीन?"

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. गोळ्या आहेत, रोग लवकर सापडला आहे, ती घरातच राहील, लेकराला दूध पाजील. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मराठीत. नवरा खाली बघत होता. मग त्याने काहीतरी विचारलं आणि सोमीबाईंचा चेहरा सैल झाला. "गोळ्या आनायले कुठी याचं, म्हनते." एटापल्लीला, आम्ही सांगितलं. निघताना चैतीने आम्हाला आंबील दिली. डॉक्टर प्यायल्या. माझा हात एक क्षण अडखळला, मग मीही प्यायले. आंबट, गार, चांगली होती.

आठवड्याने चांद्याला परतले तेव्हा आईने मला अंगणातच थांबवलं. आधी अंघोळ, मग कपडे उकळत्या पाण्यात. मग उजेडात उभं करून म्हणाली, "हात दाखव. पाठ दाखव." मला राग आला, तरी मी पाठ फिरवून उभी राहिले आणि तिला सगळं सांगितलं, चैतीचं, सासूचं, लेकराचं. तिने माझा पदर सारखा करून दिला आणि आत जेवायला घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर पुन्हा निघाल्या. आईने न विचारता डबा भरला.

"ते पोरगी घरातच हाये का, तेवढं इचारून ये," ती म्हणाली.

चैती घरातच होती.