सूर्य बुडायच्या आधीची हाक

तुम्ही तोंडही उघडलं नाही आणि तुमचा आवाज भर बाजारात ओरडला, तर त्यानं दिलेल्या शब्दाला जबाबदार कोण?

ही वेळ माझ्या आईवर आली. सिंदीच्या आठवडी बाजारात, डोक्यावर ऊन, हातात चहाचा कप.

आमच्या गावात दर हिवाळ्यात डिजिटल कला महोत्सव भरतो. बाहेर शिकून परतलेल्या पोरापोरींनी तो सुरू केला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर अंधार पडला की चित्रं हलतात. शाळेच्या व्हरांड्यात पडद्यासमोर हात हलवला की पडद्यावर कापूस उडतो. गाव याला नुसतं ‘डिजिटल’ म्हणतं. लेकरं खांद्यावर घेऊन पार आंजीहून माणसं डिजिटल पाहायला येतात.

मी महोत्सवाच्या बाजूची. वडील सभा-मोर्च्यांची पत्रकं घरी आणायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले आणि आईनं त्यांतच सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, गुंडाळून विकला. कला रस्त्यावर आली पाहिजे, हे मी त्याच कागदांवर वाचलं होतं. आता ती आली होती, थेट आईच्या दुकानाशेजारच्या खांबावर, भोंग्याच्या रूपात.

आमच्या भाजीबाजाराची एक रीत आहे. रांगेत सगळ्यात पुढं बसणारी बाई सूर्य बुडाला की हाक देते, “उठाव वं माय, उठाव! घरी नेऊ नाई, उद्याले ठेवू नाई!” मागच्या बाया ती हाक उचलतात आणि उरलेला माल मिळेल त्या भावात सोडतात. त्याआधी कुणी भाव पाडायचा नाही. पुढची जागा आईला तिच्या सासूकडून मिळाली, आणि जागेसोबत हाकही.

आदल्या वर्षी पुण्याकडची एक कलाकार मुलगी बाजारात फिरत होती. तिच्या हातात केसाळ कव्हर घातलेला माईक होता. आई म्हणाली, “मांजर धरून कोण उभी हाये वं?” आणि हसली. मुलगीही हसली. त्याच संध्याकाळी तिनं आईची हाक टिपली.

यंदा महोत्सवाचा पहिला दिवस बाजाराच्याच दिवशी आला. दुपारी भोंगा खरखरला आणि आईचा आवाज साऱ्या बाजारावरून गेला, “उठाव वं माय, उठाव!”

मागच्या बायांना आई दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. हाक आली की उचलायची, एवढीच सवय; त्यांनी ती उचलली. गिऱ्हाइकं धावली. मेथी, भेदरं, वांगी मातीमोल जाऊ लागली. अर्धी रांग रिकामी झाल्यावर फुलकोबीवाली काकू पदर खोचून पुढं आली.

“काऊन वं, ऊन डोक्शावर अन् तू हाक देली?”

“मी कुठी देली जी काकू? माह्या तोंडात तं चहा हाये!”

“मंग काय तुह्या भुतानं देली?”

तेवढ्यात भोंग्यातलं भूत पुन्हा ओरडलं. दोघींनी एकदम वर पाहिलं. आजूबाजूचे हसले, काकू मात्र हसली नाही. “पोरं सकाळपासून उपाशी ठेवून माल आणला आमी,” ती म्हणाली. “पुढच्या बाजारी हाक मी देईन. तुह्यावर भरोसा नाई राह्यला.”

आईचा चेहरा उतरला. मी तावातावानं महोत्सवाच्या टेबलाकडे निघाले. वाटेतच माझ्या डोक्यात पत्रक छापून झालं होतं. मथळा मोठ्या टायपात: आवाजाची लूट!

“पण त्यांनी परवानगी दिली होती,” ती मुलगी गोंधळून म्हणाली. “हसून मान हलवली होती.”

“ती तुमच्या मांजराला हसली होती!”

तिला काही कळेना. मी पुढचं वाक्य जुळवत होते, तोवर आई हात पुसत मागून आली. मला वाटलं, आता भांडण. तिनं टेबलावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. “मले ऐकव.”

तिनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. “मी अशी ओरडतो?” तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं. “माह्या सासूवानी वाटते,” ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा ऐकलं. मी पत्रक विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी दर बाजारी ऐकलेला तो आवाज तिनं स्वतः कधीच ऐकला नव्हता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनं हेडफोन काढले. “पोरी, आवाज चांगला धरला तू. पण हे दिवस बुडाल्यावर लावाचं असते. चाल, काकूले सांग.”

मुलीनं भोंगा बंद केला. हाकेचा अर्थ तिला तिथंच, काकूसमोर, पहिल्यांदा कळला. ती कानाला हात लावून उभी राहिली. काकूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अन् माहा आवाज कुठी हाये यात?”

“काकू, तो कापला... यांचा साफ यावा म्हणून.”

“मले कापलं? बरं झालं, नाईतर मीच चोर ठरली असती!”

आता रांग हसली. पण गेलेला माल गेला होता, आणि हाकेचं काय ते कुणीच बोललं नाही.

सूर्य बुडाला. आई उठली. मी टोपल्या रचत होते, हात थांबले. तिनं हाक दिली. मागून काहीच आलं नाही. बाया खांबाकडे बघत होत्या. काकू चार पावलं पुढं आली, वाकून आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “पुन्हा दे.” आईनं दिली. ओठ हलताना पाहून काकू मागं वळली आणि तिनं ती हाक अशी उचलली की रेल्वेच्या फाटकापर्यंत गेली असेल.

हाक आजही आईचीच आहे. फक्त आता ती उठली की काकू आधी तिचं तोंड बघते.

ते पत्रक मी छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं, कारण पुढच्या हिवाळ्यात तुम्हीही आमचं डिजिटल पाहायला याल, आणि बाजारात फोन काढाल. जरूर काढा. पण ज्या बाईचा आवाज घ्याल, तिच्याजवळ खाली बसा, तो तिला ऐकवा आणि विचारा: बाई, हे कधी वाजवायचं असतं?